भाड्याच्या इमारतीत जिन्याखाली पुन्हा पुन्हा कचरा साठतो: घरमालकाने कुठे बघायचं, काय करायचं

तक्रार सगळीकडे एकच असते. सोमवारी सकाळी जिन्याखाली गाठ मारलेल्या पिशव्या पडलेल्या असतात. त्यातली एखादी कुत्र्याने फाडलेली, डब्यातला रस्सा पार्किंगच्या फरशीवर ओघळलेला, माश्या घोंघावताहेत. मालक ग्रुपवर रागाचा मेसेज टाकतो, दोन-चार दिवस बरे जातात, पुढच्या सोमवारी परत तेच. मग कुणाला तरी जादा पैसे देऊन ढीग उचलला जातो आणि "भाडेकरूंना शिस्तच नाही" असं म्हणून विषय तिथेच सोडला जातो.

मी पुण्यात आंबेगाव-नऱ्हे पट्ट्यातली एक खासगी इमारत सांभाळते. खाली पार्किंग, वर वन आरके आणि वन बीएचके. निम्मे भाडेकरू म्हणजे इंजिनिअरिंगची मुलं, बाकी नोकरी करणारी जोडपी आणि थोडी कुटुंबं. सोसायटी नाही, सेक्रेटरी नाही, वॉचमन नाही, त्यामुळे जे काही बघायचं ते मालकालाच. नवले पुलापासून कात्रजपर्यंत आणि तिकडे वाघोली-हिंजवडीलाही गल्लोगल्ली अशा इमारती आहेत. त्यामुळे हे लिहिताना माझ्यासमोर अशीच इमारत आहे. सोसायटीतला एखादाच फ्लॅट भाड्याने दिला असेल तर काही गोष्टी बदलतात, त्या पुढे सांगते.

माझं स्पष्ट मत आहे की कचरा एकदा साठला तर तो भाडेकरूचा आळस असू शकतो, पण दर आठवड्याला साठत असेल तर व्यवस्थेत कुठेतरी बिघाड आहे. ती व्यवस्था लावून देणं मालकाचं काम आहे. भाडेकरू अकरा महिन्यांनी बदलतात, इमारत तीच राहते. बिघाड कुठे आहे हे शोधायचा क्रम मी खाली देते आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक मालक शेवटच्या पायरीपासून, म्हणजे दंडाच्या धमकीपासून सुरुवात करतात.

आधी पिशवी उघडून बघा

हातमोजे घाला आणि साठलेल्या ढिगातल्या तीन-चार पिशव्या खरंच उघडा. किळस येते, पण कचरा कुणाचा, कधीचा आणि का पडला, हे सगळं आतच असतं.

पिशवीत ओला आणि सुका कचरा नीट वेगळा केलेला असूनही ती जिन्याखाली पडली असेल, तर भाडेकरूने त्याचं काम केलंय. उचलणारं कुणी आलं नाही, किंवा आलं तेव्हा तो घरी नव्हता. अशा माणसावर ग्रुपमध्ये ओरडलात तर पुढच्या महिन्यापासून तो वेगळं करणंही सोडेल.

मेसच्या डब्यातली उरलेली भाजी, चहाचा चोथा, मॅगीची पाकिटं, थंड पेयाच्या बाटल्या आणि पुठ्ठा सगळं एकाच पिशवीत असेल, तर तुमच्या इमारतीत कचरा वेगळा करायची सोय नाही किंवा कुणी तसं सांगितलेलं नाही. वन आरकेमध्ये ओट्याखाली जेमतेम एक बादली मावते. दोन डबे ठेवा असं नुसतं सांगून तिथे दोन डबे येत नाहीत.

पिशवीत कापलेले केस, पानाचे कागद, चहाचे शंभरेक कागदी कप असं काही निघालं तर कचरा तुमच्या इमारतीतला नाहीच. शेजारच्या दुकानातून किंवा टपरीवरून रात्री कुणीतरी आणून टाकतंय. तिथे भाडेकरूंना बोलणं अन्यायाचं आहे. फाटकाला रात्री कुलूप आणि पार्किंगमध्ये एक चांगला दिवा, इतकं केलं तरी बराच फरक पडतो.

वारही लिहून ठेवा. सोमवारीच ढीग दिसत असेल तर रविवारी उचल होत नाही, एवढाच अर्थ. महिन्याच्या अखेरीला ढीग दिसत असेल तर खोल्या रिकाम्या होताहेत. रोजच दिसत असेल तर पुढचा भाग नीट वाचा.

उचलायला येणारी ताई, तिची वेळ आणि तिचे पैसे

दहा इमारतींतल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी खरा बिघाड इथेच सापडेल, असं मला वाटतं.

पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करायची दोन रूपं दिसतात. एक म्हणजे घंटागाडी. दुसरं म्हणजे कचरावेचक महिला दारोदार येऊन कचरा घेतात ती पद्धत. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 साली उभी राहिली आणि त्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था आली. तिचा महापालिकेशी 2008 मध्ये करार झाला. या पद्धतीत ताईंची कमाई दोन बाजूंनी होते: घरटी मिळणारं महिन्याचं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निघणारं भंगार. पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, रद्दी हे विकलं जातं. चिप्सची चकचकीत पाकिटं कुणी घेत नाही. पुठ्ठ्यावर आमटी सांडली की तोही गेला.

आता हे तुमच्या इमारतीला लावून बघा. बारा खोल्या आहेत. ताई सकाळी आठच्या सुमारास येते. चार खोल्यांत रात्रपाळी करून झोपलेली माणसं, तीन खोल्यांतली मुलं दहाच्या आत उठत नाहीत, दोन दारांना कुलूप. उरलेल्या तिघांचा कचरा तिला मिळतो. महिन्याच्या सुरुवातीला पैसे मागायला गेली की "काल मालकांना दिले", "सुट्टे नाहीत", "मी तर कचराच देत नाही" असं ऐकून परत यायचं. वर जो कचरा मिळतो त्यात सगळं एकत्र, म्हणजे भंगारही नाही. ती हळूहळू तुमची इमारत टाळायला लागते, यात नवल काय? आणि ती टाळायला लागली की ज्या तीन घरांचा कचरा नियमित जात होता, तोही जिन्याखाली येतो.

यावर एकच उपाय मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटतो. सगळ्या खोल्यांचं शुल्क मालकाने एकरकमी, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, ताईच्या हातात द्यावं आणि ते भाड्यात धरून घ्यावं. तिला बारा दारं वाजवावी लागत नाहीत, तुमच्या इमारतीतून ठरलेली रक्कम मिळते हे तिला माहीत असतं, आणि कचरा उचलला नाही तर विचारायचा हक्क तुम्हाला राहतो. पैसे देताना पावती किंवा कार्डावर सही घ्या. खोली रिकामी असतानाच्या महिन्याचं काय करायचं ते तिच्याशी आधीच बोलून घ्या. त्यावरून नंतर वाद होतात.

दुसरं, तिच्याशी प्रत्यक्ष बोला. "ताई, आमच्याकडे कधी येता? काय त्रास होतो?" एवढं विचारलं तरी ती नेमकं सांगते: दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांच्या पिशवीत काच असते, मागच्या दाराला कुलूप असतं, कुत्रा मोकळा असतो. ही माहिती तुम्हाला ग्रुपवर कधीच मिळणार नाही. हात कापला की तिचे दोन-तीन दिवस जातात. फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी द्यायची, हा नियम पहिल्या दिवशीच सांगायला हवा.

घंटागाडी येत असेल तर प्रश्न वेगळा. गाडी गल्लीच्या तोंडाशी दोन-तीन मिनिटं थांबते आणि जाते. गाणं ऐकू आल्यावर तिसऱ्या मजल्यावरून वेळेत खाली पोचणं शक्य नसतं. अशा वेळी इमारतीचा कचरा एका जागी गोळा करून गाडीत टाकायला एक माणूस नेमावाच लागतो. जिने झाडायला येणाऱ्या मावशींनाच हे काम जादा पगारावर द्या. 'करतील की' असं गृहीत धरू नका. कामाचे पैसे ठरवून द्या.

2021 साली महापालिकेत 23 गावं आली, नऱ्हे त्यातलंच. अशा भागात गल्लीगणिक पद्धत वेगळी असू शकते. तुमच्या गल्लीत कोण उचलतं हे शेजाऱ्याला विचारण्यापेक्षा जवळच्या आरोग्य कोठीवर, म्हणजे महापालिकेच्या सफाई कर्मचाऱ्यांच्या हजेरीच्या जागी जाऊन, त्यांचं काम बघणाऱ्या मुकादमांना विचारा. सकाळी लवकर गेलात तर ते भेटतात.

डबे कुठे ठेवले आहेत?

भाडेकरूच्या वेळा आणि ताईची वेळ जुळत नसतील तर मधली जागा लागते. तळमजल्यावर झाकणाचे डबे ठेवा. ही जागा आणि हे डबे देणं मालकाकडेच येतं. बारा भाडेकरूंपैकी कुणी वर्गणी काढून ड्रम आणणार नाही.

किती मोठे? शहरात एका माणसाचा रोजचा घरगुती कचरा साधारण 300 ते 500 ग्रॅम धरतात. चोवीस माणसं राहत असतील तर दिवसाला सात ते बारा किलो. त्यातला निम्मा किंवा थोडा जास्त ओला असतो. ओल्यासाठी 60 लिटरचा एक डबा रोज रिकामा होत असेल तर पुरतो. सुका कचरा वजनाने हलका पण जागा खाणारा. त्यासाठी 120 लिटरचा डबा घ्या, ऑनलाइन मागवलेल्या खोक्यांच्या दिवसांत तोही कमी पडतो. खोकी चपटी करून डब्याशेजारी उभी ठेवायला सांगा. तिसरा छोटा डबा सॅनिटरी कचऱ्याचा.

जागा निवडताना तीन ठिकाणं टाळाच. मीटर बोर्डाखाली डबे नकोत, एखादी ठिणगी किंवा पेटती विडी पडली तर सगळी इमारत धोक्यात येते. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाजवळ नकोत, कारण कचऱ्याचं पाणी झिरपतं आणि उंदीर-झुरळं त्याच वाटेने टाकीकडे जातात. आणि जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नकोत, नेमकी तीच जागा लोक डंपिंगसाठी वापरतात. डबे फाटकाच्या आत, उजेडात, येता-जाता दिसतील असे आणि ताईला कुणाला हाक न मारता घेता येतील असे हवेत. वर पत्र्याचं किंवा स्लॅबचं छप्पर हवं. उघडा ड्रम पावसात भरला की त्यातला कचरा कुणीच उचलत नाही.

डब्यावर नुसतं 'ओला' आणि 'सुका' लिहून भागत नाही. बिहार, कर्नाटक, ईशान्य भारत, कुठून कुठून आलेली मुलं राहतात, त्यांना मराठी येतंच असं नाही. चित्रं लावा: भाजीची सालं, शिळी पोळी, चहाचा चोथा एका डब्यावर, बाटली, पाकीट, खोकं दुसऱ्यावर. मेसचा प्लास्टिकचा डबा कुठे जातो हेही दाखवा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ त्याचाच होतो: उरलेलं अन्न ओल्यात, डबा विसळून सुक्यात.

पावसाळ्यात ओल्या डब्यात अळ्या होतात आणि मग कुणी झाकण उघडायला धजत नाही. तळाशी वर्तमानपत्र किंवा थोडा लाकडाचा भुसा टाका, डबा रोज रिकामा होतोय ना बघा, आठवड्यातून एकदा धुऊन उन्हात पालथा घाला. धुताना ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. पार्किंगमध्ये शहाळी, जुने टायर, रंगाचे रिकामे डबे पडू देऊ नका. डेंग्यूच्या डासाला थोडं स्वच्छ पाणी पुरतं आणि त्याची नोटीस मालकाच्याच नावाने येते.

सॅनिटरी कचरा आणि तुंबलेला चेंबर

हा भाग मालक, विशेषतः पुरुष मालक, बोलायचं टाळतात. मुलींना खोल्या दिल्या आणि सहा महिन्यांत चेंबर तुंबला, की प्लंबर बोलावून पैसे भरतात, पण कारणावर बोलत नाहीत. पॅड पाणी शोषण्यासाठीच बनवलेलं असतं. संडासात टाकलं की ते फुगतं आणि वळणावर अडकतं. मुलीने ते तिथे टाकलं, कारण तुम्ही तिला दुसरी जागा दिली नाही. तीन मुलांच्या नजरेसमोरून पिशवी घेऊन खाली जायचं, उघड्या ड्रममध्ये टाकायचं, आणि ते कुत्र्याने बाहेर काढायचं, याची तिला लाज वाटणं अगदी साहजिक आहे.

मुली किंवा लहान बाळ असलेली कुटुंबं राहत असतील तर प्रत्येक बाथरूममध्ये झाकणाचा छोटा डबा ठेवा, नाहीतर निदान प्रत्येक मजल्यावर एक. पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची पद्धत पुण्यात 'स्वच्छ'च्या ताईंनी रुजवली आहे. लाल ठिपका दिसला की पुडी उघडायची नाही, हे त्यांना कळतं. ज्या बाईला दुसऱ्यांच्या रक्ताने भरलेल्या पुड्या हाताने वेगळ्या कराव्या लागतात, तिच्यासाठी हा ठिपका फार मोठी गोष्ट आहे. एक लाल मार्कर डब्याला दोरीने बांधून ठेवा. खर्च काहीच नाही.

मुलींशी हे बोलायला तुम्हाला अवघड वाटत असेल तर घरातल्या बाईने बोलावं, किंवा खोली देतानाच्या छापील सूचनांत स्पष्ट लिहावं. 'संडासात काहीही टाकू नये' एवढं मोघम लिहून उपयोग होत नाही.

कायदा कुणाला जबाबदार धरतो

"कचरा भाडेकरूचा, मग मी का बघू?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 मध्ये आवारातला कचरा गोळा करून ठरलेल्या ठिकाणी पोचवण्याचं कर्तव्य मालक आणि भोगवटादार (प्रत्यक्ष राहणारा) या दोघांवर टाकलेलं आहे. मालमत्ता करातला सफाईचा आकारही मालकाच्याच बिलात येतो. केंद्राच्या 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरा वेगळा करणं, तो न जाळणं, न पुरणं आणि शुल्क देणं हे कचरा करणाऱ्या प्रत्येकावर बंधनकारक केलं. 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या नव्या नियमांत कचऱ्याचे चार भाग सांगितले आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. शेवटच्या भागात संपलेली औषधं, बल्ब, बॅटऱ्या, रंगाचे डबे असं येतं. म्हणजे वेगळं करणं भाडेकरूकडे, पण वेगळं केलेलं ठेवायची आणि पुढे जायची सोय इमारतीत नसेल तर तो तरी काय करणार? म्हणून मी जबाबदारीची वाटणी अशी करते: खोलीच्या दाराच्या आत भाडेकरू, दाराबाहेर मालक.

आणखी एक तरतूद मालकांनी मुद्दाम वाचावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 29 नुसार पुरेशा कारणाशिवाय मालकाला भाडेकरूची अत्यावश्यक सेवा तोडता येत नाही. त्या यादीत पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट यांच्या जोडीला सफाईची सेवाही आहे. भाडेकरूशी वाद झाला म्हणून त्याच्या मजल्यावरची झाडलोट बंद करणं, ताईला "वरचा कचरा घेऊ नकोस" असं सांगणं, हे प्रकार मी पाहिले आहेत. ते चुकीचे आहेत आणि त्याचा त्रास सगळ्या इमारतीला होतो.

सोसायटीत फ्लॅट असेल तर नोटीस तुम्हाला येणार, कारण सभासद तुम्ही आहात. सोसायटी तुमच्याकडून ना-भोगवटा शुल्क (स्वतः न राहता घर भाड्याने दिल्याबद्दलचं) घेते, ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत असू शकतं. हे शुल्क भरलं म्हणून भाडेकरूच्या कचऱ्याची जबाबदारी संपत नाही. उलट सोसायटीचे कचऱ्याचे नियम, कोणत्या वेळी कुठे काय ठेवायचं, हे भाडेकरूपर्यंत पोचवायचं काम तुमचंच. बऱ्याचदा भाडेकरूला ते पहिल्यांदा कळतात ते वॉचमन ओरडल्यावर.

इथे एक अवघड गोष्टही बोलून टाकते. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात 40 टक्के सवलत मिळते, भाड्याने दिलं की ती मिळत नाही. काही मालक त्या सवलतीसाठी भाडेकरू कागदावर दाखवतच नाहीत. मग करार नोंदवायचा नाही, कोठीवर जाऊन बोलायचं नाही, तक्रार करायची नाही, कारण चौकशी होईल ही भीती. अशा इमारतीत कचऱ्याला कुणी वालीच उरत नाही. करार नोंदवणं ही भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. तुम्ही तोंडी घातलेली कचऱ्याची अट तिथे कुठेही उपयोगी पडणार नाही.

खोली देताना काय लिहायचं, काय सांगायचं

करारात दोन-तीन साधी वाक्यं पुरतात. मी अशी लिहिते: "भाडेकरू ओला, सुका व सॅनिटरी कचरा वेगळा करून तळमजल्यावरील ठरलेल्या डब्यांत टाकेल. कचरा उचलण्याचे मासिक शुल्क भाड्यात समाविष्ट असून ते वेळेवर देण्याची जबाबदारी मालकाची राहील. घर सोडताना मागे ठेवलेल्या वस्तू हलवण्याचा प्रत्यक्ष खर्च पावती दाखवून अनामत रकमेतून वजा केला जाईल." मधलं वाक्य गाळू नका. एकट्या भाडेकरूवर अटी घालणारा कागद तो मनावर घेत नाही.

'कचरा टाकल्यास 2000 रुपये दंड' असले बोर्ड लावू नका. दंड करायचा अधिकार महापालिकेला आहे. तुम्ही झालेला खर्च मागू शकता, तोही पुराव्यासकट.

किल्ली देताना मुलांना खाली घेऊन जा, डबे दाखवा, ताई त्या वेळी आली असेल तर ओळख करून द्या. "या सुनीताताई, सकाळी येतात, काच यांच्या हातात उघडी द्यायची नाही." (नाव बदललं आहे.) ज्या मुलाला ताईचं नाव माहीत आहे तो पिशवीत फुटलेला ग्लास टाकताना थांबतो, हे मी पाहिलंय. कॉट बेसिसवर, म्हणजे एकेक खाट वेगळ्या भाड्याने, खोली दिली असेल तर प्रत्येक नव्या मुलाला वेगळं सांगायला लागतं. "आधीच्या पोराने सांगितलं असेल" असं धरून चाललं की साखळी तिथेच तुटते. खोलीत एक झाकणाची बादली आणि सुक्यासाठी खिळ्याला टांगलेली कापडी पिशवी मालकाकडून ठेवलेली असली तर दोन डब्यांच्या जागेचा प्रश्नही सुटतो.

महिनाअखेरच्या गाद्या, मोडक्या खुर्च्या आणि राडारोडा

मे-जूनमध्ये परीक्षा संपल्या की पार्किंगमध्ये गाद्या, मोडलेली स्टडी टेबलं, बादल्या, पुस्तकांचे गठ्ठे असा सगळा पसारा येतो. रोजचा कचरा नेणाऱ्या ताईने हे उचलावं अशी अपेक्षा करू नका. त्या कामाची ती गाडीही नाही आणि ते पैसेही नाहीत.

खोली सोडायच्या पंधरा दिवस आधी मुलांशी बोला. काय नेणार, काय ठेवणार, याची यादी घ्या. लोखंड, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुस्तकं भंगारवाला नेतो. चालू पंखा, चांगलं टेबल पुढच्या मुलांना हवंच असतं, तेच विचारून ठेवा. कापसाची गादी पिंजून पुन्हा भरता येते. फोमची गादी मात्र कुणी घेत नाही, तीच रस्त्याकडेला किंवा नाल्यात जाते. तिच्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात विचारून किंवा टेम्पो ठरवून ती रीतसर पोचवावी लागते, आणि खर्च कुणाचा हे आधी ठरलेलं असावं. यावर मालकाला करण्यासारखी खरी गोष्ट एकच: खोलीत चांगल्या गाद्या स्वतः द्या. एकदा खर्च होतो, पण दरवर्षी गाद्यांचा ढीग लागत नाही.

भाडेकरू गेल्यावर रंगकाम, फरशी, बाथरूमची डागडुजी होते. तो राडारोडा तुमचा आहे, पूर्णपणे. कंत्राटदाराला सांगताना वाहतुकीचे पैसे त्याच कोटेशनमध्ये घ्या आणि कुठे टाकणार ते विचारा. रंगाचे उरलेले डबे ओल्या-सुक्यात ढकलू नका.

जाळणं

कोपऱ्यात पालापाचोळा आणि प्लास्टिक एकत्र पेटवून द्यायची सवय अजून आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी 5000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवली. पण पैशांपेक्षा, तो धूर वरच्या मजल्यावरच्या बाळाच्या खोलीत जातो. मावशी जाळत असतील तर त्यांना पर्याय द्या: पाला पोत्यात भरून ठेवायचा, ओल्या कचऱ्याबरोबर थोडा थोडा द्यायचा.

इमारतीतच खत करावं का, असंही लोक विचारतात. मालक स्वतः तिथे राहत असेल आणि रोज दहा मिनिटं देणार असेल तर जरूर करा. गांडूळखत प्रकल्पासाठी पुण्यात मालमत्ता करात सवलतही आहे. पण मालक दूर राहतो आणि खताचा ड्रम भाडेकरूंच्या भरवशावर सोडलाय, असं असेल तर नको. महिन्याभरात त्याचा वास येतो आणि चांगल्या कल्पनेचं नाव खराब होतं.

एवढं करूनही एकच खोली ऐकत नसेल

मग तो प्रश्न त्या खोलीचा आहे, आणि तो ग्रुपवर सोडवायचा नाही. दारावर जा. फोटो दाखवा, पण चारचौघांत नको. "अरे, ही पिशवी तुमचीच ना? काय अडचण होते?" बऱ्याचदा उत्तर ऐकण्यासारखं असतं: एक मुलगा आजारी आहे, सगळे रात्रपाळीला आहेत, किंवा चौघांत कुणी टाकायचं यावर भांडण आहे. पाळी लावून द्या, नावं लिहून दाराच्या आत चिकटवा. दुसऱ्यांदा लेखी सूचना द्या, तारखेसह. तिसऱ्यांदाही तेच झालं तर करार वाढवताना विचार करा आणि तसं स्पष्ट सांगा.

उलट तुम्ही सगळं नीट करताय आणि कचरा उचललाच जात नाही, असं असेल तर तक्रार करण्यात संकोच करू नका. आधी ताई किंवा गाडीवाल्याशी बोला, मग कोठीवर मुकादमांशी, मग क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकांकडे लेखी. महापालिकेच्या तक्रार ॲपवर फोटो टाकला की क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. तक्रारीत 'कचरा उचलत नाहीत' एवढंच लिहू नका. किती खोल्या, किती दिवस, कोणत्या वेळी, शुल्क भरल्याची पावती, कचरा वेगळा केलेला असल्याचा फोटो, हे सगळं जोडा. आणि वाचणारे तुम्ही भाडेकरू असाल, मालक दाद देत नसेल, तर याच गोष्टी त्याला लेखी मागा: झाकणाचे डबे, उजेडातली जागा, शुल्काची पावती आणि ताईची वेळ. मेसेजवर मागितलंत तरी चालेल, फक्त तो मेसेज पुसू नका.